सहाव्या जागेवरचं व्हॅलिन

सिकलसेलच्या तपासणीत रक्ताचा थेंब काचनळीतल्या द्रावणात मिसळतात आणि नळीमागे रेघा आखलेला कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर काळजी नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात ‘सिकल’ आहे. मग माणूस ‘एएस’, म्हणजे नुसता वाहक, की ‘एसएस’, म्हणजे रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या चाचणीवर ठरतं. विदर्भात आणि नंदुरबारकडे ही अक्षरं घरोघरी ठाऊक आहेत.

हा सगळा गढूळपणा डीएनएतल्या एका अक्षराचा. ११व्या गुणसूत्रावरचा ‘एचबीबी’ जनुक हिमोग्लोबिनमधली १४६ अमिनो आम्लांची बीटा साखळी घडवतो. त्यात ‘जीएजी’चं ‘जीटीजी’ झालं, की साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. ग्लुटामिक आम्लाचं पाण्याशी जमतं, व्हॅलिनचं जमत नाही. ऑक्सिजन जवळ असेपर्यंत हे हिमोग्लोबिन गुण्यागोविंदानं वागतं. तो देऊन टाकला, की रेणूचा आकार जरासा बदलतो आणि त्याचं व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत रुततं. एकाला एक जोडून ताठ दोरे होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. नळीतलं रसायनही ऑक्सिजन काढून घेऊन नेमके हेच दोरे तयार करवतं. शरीरात अशा पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, मग हाडंसांधे जीवघेणे ठणकतात. एरवी तांबडी पेशी १२० दिवस जगते. ही १०-२० दिवसांत फुटते.

दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे लायनस पॉलिंग यांच्या गटानं १९४९ मध्ये दाखवलं. नेमका बदल व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये शोधला. असा घातक बदल टिकला कसा, याचं उत्तर अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दिलं: वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. तेव्हा ‘एएस’ निघालेल्या मुलीचं लग्न मोडणं हा निव्वळ अडाणीपणा. बघायचं ते एवढंच, की दोघंही ‘एएस’ नाहीत ना. कारण तसं असेल तर प्रत्येक गर्भाला ‘एसएस’ होण्याची शक्यता २५ टक्के.

उपचारांची वाट मात्र वेगळ्याच जनुकावरून गेली. गर्भातलं हिमोग्लोबिन बीटा साखळी वापरतच नाही, त्यामुळे ते या दोऱ्यांत सामील होत नाही. हायड्रॉक्सियुरियाची गोळी त्याचं प्रमाण वाढवते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेली, जनुकात फेरबदल करणारी क्रिस्पर उपचारपद्धतीही ‘एचबीबी’ला हात लावत नाही, गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करणाऱ्या ‘बीसीएल११ए’ जनुकाला रक्तपेशींत गप्प करते. अमेरिकेत तिची किंमत २२ लाख डॉलर आहे. आपल्याकडे सध्या आधार गोळीचाच.