तांदळाच्या कणीएवढे हाड

घरात चारचारदा हाक मारूनही सूनबाई ओ देत नाहीत, म्हणून धुसफुसणारी घरे कमी नाहीत. पण हीच सून बाजाराच्या गलक्यात किंवा एस.टी.च्या खडखडाटात शेजारणीचे बोलणे बिनचूक ऐकत असेल, आणि स्वतः मात्र अगदी हळू बोलत असेल, तर राग बाजूला ठेवून कानाच्या डॉक्टरांकडे जावे. ‘ओटोस्क्लेरोसिस’ या विकाराची ही जुनी खूण आहे.

कानाच्या पडद्यामागे हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे साखळीसारखी जोडलेली असतात. त्यांतली रिकीब शरीरातले सर्वांत लहान हाड. उंची जेमतेम 3 मिलिमीटर. ती थरथरते तेव्हाच आवाज आतल्या कानात पोहोचतो. या विकारात तिच्या बुडाशी नवे हाड धरते आणि ती गंजलेल्या बिजागरीसारखी अडकते. कान फुटत नाही, सहसा दुखतही नाही. ऐकू मात्र कमी कमी येत जाते. विकार बऱ्याचदा घराण्यात चालत येतो, बहुधा तरुणपणी सुरू होतो आणि स्त्रियांत अधिक आढळतो.

1956 साली अमेरिकेत डॉ. जॉन शी यांनी अडकलेली रिकीब काढून टेफ्लॉनची कृत्रिम रिकीब बसवली. आज बहुधा तिच्या तळाला बारीक छिद्र पाडून त्यात इवलासा पिस्टन बसवतात. हे काम अनेक दशके सूक्ष्मदर्शकाखाली होत आले. आता काही शल्यविशारद कानाच्या नळीतून दुर्बीण घालून, टीव्हीसारख्या पडद्यावर पाहत ते करतात.

मग दुर्बिणीने जास्त ऐकू येते का? तसे नाही. अनुभवी हातांत दोन्ही पद्धतींचे निकाल जवळजवळ सारखे आहेत. दहांतल्या सुमारे नऊ जणांत हवेतून आणि हाडातून ऐकू येण्यातला फरक 10 डेसिबलच्या आत येतो. दुर्बिणीचा फायदा वेगळा आहे. कोपऱ्यातलेही दिसत असल्याने हाड कमी कोरावे लागते, आणि तिथून जाणाऱ्या चवीच्या मज्जातंतूला धक्का कमी लागतो. उलट एक हात दुर्बीण धरण्यात गुंततो आणि खोलीचा अंदाज तितका येत नाही. तेव्हा यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा.

दुसरी बाजूही नीट ऐकून घ्यावी. शंभरांत सुमारे एकाच्या त्या कानाची श्रवणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणूनच एका वेळी एकच, तोही जास्त अधू कान निवडतात. आतल्या कानाची नसच दुबळी झाली असेल, तर तेवढी उणीव शस्त्रक्रियेने भरून निघत नाही. आणि ज्यांना हा धोका नको, त्यांना श्रवणयंत्राचा चांगला पर्याय आहेच.

‘अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही केल्यात, आणि निकाल काय?’ हे डॉक्टरांना विचारण्यात संकोच नसावा. पण त्याआधी घरच्यांनी एक करावे: ‘लक्ष नसते हिचे’ हा शिक्का पुसून टाकावा. नादकाट्याची साधी तपासणी करायला डॉक्टरांना काही मिनिटे पुरतात. गैरसमज मात्र वर्षानुवर्षे चालतो.