पहिला घास, गोळी आणि ग्लुकोज

पालघरपासून बोईसर-तारापूरपर्यंत भात व तांदळाची भाकरी हा जेवणाचा आधार. आपल्या घरातील मधुमेही ज्येष्ठ पहिल्या घासासोबत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेत असतील, तर त्या गोळीचे कार्य जाणून घ्यावे.

पेशीत नव्या प्रथिनाला १४ शर्करांची साखळी जोडली जाते. ग्लुकोसिडेज विकरे तिच्या टोकाचे ३ ग्लुकोज छाटतात. घडी नीट बसलेले प्रथिनच पुढे जाते. अशीच विकरे आतड्यात पिष्ट व साखर फोडून ग्लुकोज सुटे करतात. गोळी आतड्यातील विकरांना रोखते. ती रक्तात फारशी शोषली जात नाही, म्हणून पेशींतील छाटणी अबाधित राहते.

मात्र एक दक्षता आवश्यक आहे. सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना घाम, थरथर वा भोवळ आली, तर घरातली साखर किंवा पेढा लवकर उपयोगी पडत नाही; साखर फोडणारे विकरच अडलेले असते. अशा वेळी सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोजची पूड पाण्यात विरघळवून द्यावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.

ग्लुकोजचा डबा आजच औषधांशेजारी ठेवावा.