नकाशाबाहेरचे वटवाघूळ

प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत प्रत्येक जातीच्या वर्णनासोबत बहुधा एक नकाशा असतो. त्यातील रंगवलेल्या भागास त्या जातीचे ‘ज्ञात वसतिक्षेत्र’ म्हणतात. वाचताना ‘ज्ञात’ हा शब्द आपण सहज ओलांडून जातो आणि रंग जेथे संपला तेथे प्राणीही संपला, असे समजतो. प्रत्यक्षात तो नकाशा माणसाने त्या प्राण्यास कोठे पाहिले, एवढेच सांगत असतो. म्हणून एखादे फलाहारी वटवाघूळ ज्ञात क्षेत्राबाहेर आढळले, की प्रथम विचारावे लागते: प्राणी तेथे नव्याने आला, की आपली नजर तेथे आता पोहोचली? याची उत्तरे साधारणतः तीन प्रकारची असतात.

पहिले उत्तर म्हणजे चुकलेली ओळख. १९४८ साली अँगस हटन या निसर्ग-अभ्यासकाने दक्षिणेतील मदुराईकडील हाय वेव्ही डोंगरांत एक फलाहारी वटवाघूळ मिळवले. तो नमुना मुंबईच्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या संग्रहात आला आणि आखूड नाकाच्या सामान्य फलाहारी वटवाघळाच्या नावाखाली पडून राहिला. पुढे थायलंडचे शास्त्रज्ञ किट्टी थोंगलोंग्या यांनी तो बारकाईने तपासला. त्याला बाहेर दिसणारी शेपटी नव्हती आणि दातांची ठेवणही निराळी होती. १९७२ मध्ये त्यांनी त्यास नव्या प्रजातीत व नव्या जातीत स्थान दिले आणि डॉ. सलीम अली यांचे नाव दिले. तोवर २४ वर्षे लोटली होती. १९९३ मध्ये हे वटवाघूळ मूळच्या डोंगरांत पुन्हा आढळले. त्यानंतर तामिळनाडूतील कळक्काड-मुंडनथुराई आणि केरळातील पेरियार येथूनही त्याच्या नोंदी झाल्या.

दुसरे उत्तर म्हणजे न झालेला शोध. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडे नावाच्या गुहा आहेत. तेथे १९१२ मध्ये एस. एच. प्रेटर यांना एक मोठ्या कानांचे वटवाघूळ मिळाले. ते फळे नव्हे, कीटक खाणारे आहे. १९१३ मध्ये ऑल्डफील्ड थॉमस यांनी त्याचे वर्णन केले व रॉटन यांचे नाव त्यास दिले. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे ही जात जगात या एकाच ठिकाणी आहे, असे मानले जात होते. मग ते कंबोडियात सापडले आणि पाठोपाठ बारापेडेपासून सुमारे २,००० किलोमीटर दूर असलेल्या मेघालयातही. एवढे अंतर ते दोन-चार वर्षांत उडून गेले नव्हते. तेथे आजवर कोणी नीट पाहिले नव्हते, एवढेच.

तिसरे उत्तर म्हणजे खरोखरीचे स्थलांतर. ऑस्ट्रेलियातील करड्या डोक्याच्या मोठ्या फलाहारी वटवाघळांनी १९८०च्या दशकात मेलबर्न शहरात कायमचा मुक्काम केला आणि २०१० मध्ये ती त्याहून पश्चिमेकडील ॲडलेडमध्येही वस्तीस आली. शहरांत लावलेली, पाणी घातलेली झाडे वर्षभर फुले-फळे देतात; शिवाय शहराची हवा भोवतालापेक्षा उबदार असते. माणसाने वसवलेले शहर प्राण्याचा नकाशा बदलू शकते, हे येथे दिसते.

या तिन्हींपैकी कोणते उत्तर खरे, हे छायाचित्रावरून क्वचितच ठरते. वनखात्याची परवानगी घेऊन जाळ्यात धरलेल्या वटवाघळाच्या पुढच्या बाहूची लांबी, दात आणि शेपटी तपासावी लागते. गरजेनुसार ऊतीचा नमुना घेऊन जनुकीय चाचणी करावी लागते. जुन्या संग्रहांतील नमुनेही पुन्हा पाहावे लागतात. बहुतेक फलाहारी वटवाघळे प्रतिध्वनीवर नव्हे, तर डोळ्यांवर व नाकावर विसंबून उडतात. त्यामुळे कीटकभक्षी वटवाघळे टिपणारी ध्वनियंत्रे त्यांच्या बाबतीत फारशी उपयोगी पडत नाहीत. गुहांत राहणारे रूसेटस वटवाघूळ याला अपवाद आहे. ते जिभेने टकटक आवाज काढून अंधारात वाट शोधते.

हा विषय पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या दृष्टीने दूरचा नाही. येथे एखादी जमीन कारखान्यासाठी वा रस्त्यासाठी घेताना ‘या ठिकाणी उल्लेखनीय वन्यजीव नाहीत’ असे वाक्य कागदावर सहज लिहिले जाऊ शकते. त्यामागे रात्रीची पाहणी होती, की केवळ नोंदींचा अभाव, हे विचारण्याचा हक्क नागरिकाला आहे. दिवसा पाहणी करणाऱ्यास रात्रीचा प्राणी दिसत नाही. वड, पिंपळ आणि उंबर यांची फळे खाऊन त्यांचे बी दूरवर टाकणारा हा प्राणी नोंदीविना नाहीसा झाला, तर काय गमावले हेही कळणार नाही.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फलाहारी वटवाघळे दीर्घकाळ उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होती. २०२२च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच रद्द झाली. भीती मात्र उरली आहे. महाबळेश्वरच्या एका गुहेतून २०२० मध्ये घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाह विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळली. त्यापासून घ्यायचा बोध साधा आहे: वटवाघळास हात लावू नये, त्याने उष्टावलेले फळ खाऊ नये, त्याच्या गुहेत विनाकारण शिरू नये. वस्तीचे झाड तोडल्याने धोका टळत नाही. बिथरलेली वटवाघळे केवळ दुसरीकडे जातात.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज याच औद्योगिक पट्ट्यात राहतात. कार्ले, भाजे, बेडसे, शेलारवाडी येथील लेण्यांवर आपले जाणे-येणे असते. तेथे किंवा घराजवळच्या वडावर वटवाघळांची वस्ती दिसली, तर ठिकाण, तारीख, वेळ, झाडाचे नाव आणि तिन्हीसांजेला बाहेर पडणाऱ्यांची अंदाजे संख्या लिहून ठेवावी. दुरूनच छायाचित्र घ्यावे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आपल्या आकुर्डीतच आहे. ती नोंद तेथे वा वनखात्याकडे पोहोचवता येईल. वर्षानुवर्षे एकाच झाडाची अशी नोंद ठेवली, तर जागेविषयी निर्णय घेण्याची वेळ येईल तेव्हा ‘येथे काही नाही’ या वाक्याला दाखवण्यासाठी आपल्याकडे एक वही असेल.