साखरपाण्याची बाटली आणि तिचा पहारेकरी

अमेरिकेत पुष्कळ घरांच्या परसात तांबड्या रंगाची एक छोटी बाटली टांगलेली दिसते. तिच्यात असते साधे साखरपाणी : एक भाग साखर, चार भाग पाणी. हा पाहुणचार हमिंगबर्ड या चिमुकल्या पक्ष्यांसाठी. बाटलीला चार-सहा छिद्रे असतात. तेवढे पाहुणे एका पंगतीला बसावेत, ही यजमानाची कल्पना. प्रत्यक्षात जवळच्या फांदीवर एकच पक्षी ठाण मांडून बसतो. दुसरा कोणी बाटलीकडे फिरकला, की हा बाणासारखा सुटतो आणि त्याला कुंपणापार पिटाळूनच परततो. परतल्यावर स्वतः पितो ते मात्र घोटभरच!

बाटलीतले पाणी त्या एकट्याला कित्येक दिवस पुरेल. मग ही भांडणे कशाला? त्याला हावरट म्हणून मोकळे होणे सोपे आहे; पण आपण हिशेब मांडून पाहू.

या भांडखोरांत अग्रेसर आहे तांबूस रंगाचा रूफस हमिंगबर्ड. वजन तीन ते चार ग्रॅम, म्हणजे आजच्या एक रुपयाच्या नाण्याएवढे. हा थेट अलास्कापर्यंत जाऊन वीण करतो आणि हिवाळ्यासाठी मेक्सिकोत उतरतो. वाटेत डोंगरातील फुलांच्या कुरणांवर थांबून अंगावर चरबी चढवली नाही, तर पुढचा पल्ला गाठणे अशक्य. लिन कार्पेंटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात एक नामी युक्ती केली. पक्ष्याच्या आवडत्या बैठकीच्या जागी त्यांनी नाजूक तराजूवर बसवलेली काठी ठेवली. पक्षी बसला की वजन कळे! १९८३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा : पक्षी आपल्या राखणीचे क्षेत्र रोज कमी-जास्त करतो आणि वजन सर्वांत वेगाने वाढेल अशा आकाराकडे त्याला नेतो. आणखी एक गंमत त्यांच्या चमूला आढळली. सकाळी मालक आधी क्षेत्राच्या कडेची फुले रिकामी करतो. घुसखोर येतात ते तेथूनच ना!

राखणीचा जमाखर्च आकड्यांत पाहायचा, तर आफ्रिकेत जावे लागेल. आपल्याकडे हमिंगबर्ड नाहीत, पण मधावर जगणारे शिंजीर आहेत. केनियातील नैवाशा सरोवराजवळ सोनेरी पंखांचे शिंजीर दीपमाळेच्या फुलांची राखण करतात. ही दीपमाळ म्हणजे आपल्या पडीक रानांत वाढणारी, दांड्याभोवती नारिंगी फुलांचे गोल चेंडू लागणारी तीच वनस्पती. फ्रँक गिल व लॅरी वुल्फ यांनी १९७५ साली मांडलेला हिशेब पाहा. बसून राहण्यास तासाला ४०० कॅलरी लागतात, मध गोळा करण्यास १,०००, आणि पाठलागास ३,०००. (ही आहारातली मोठी कॅलरी नव्हे, तिचा हजारावा भाग.) राखण नसेल तर फुलात सरासरी २ मायक्रोलिटर मध मिळतो आणि पोट भरण्यास ४ तास लागतात. राखण केली की ३ मायक्रोलिटर मिळतो आणि २.७ तासांत भागते. वाचलेले १.३ तास पक्षी बसून काढतो, बचत १.३ × ६०० = ७८० कॅलरी. राखणीस दिवसाला ०.२८ तास जातात. जादा खर्च ०.२८ × २,६०० = ७२८ कॅलरी. निव्वळ नफा ५२ कॅलरी!

आता समजा, फुलांना बहर आला आणि राखणीविनाच ४ मायक्रोलिटर मध मिळू लागला. राखणीने तो ६ होईल. तेव्हा काम २ तासांऐवजी १.३ तासांत होईल. बचत ०.७ × ६०० = ४२० कॅलरी; खर्च तोच ७२८. अशा वेळी भांडणारा शिंजीर तोट्यात जाईल.

मग भरलेल्या बाटलीपाशी हमिंगबर्ड का भांडतो? मला वाटते, फरक जागेचा आहे. हजारो फुले पसरलेली असतात, बाटली एकाच ठिकाणी. एका फांदीवरून सगळा खजिना नजरेत राहतो, त्यामुळे राखण स्वस्त पडते. अनुभवी यजमान म्हणूनच दुसरी बाटली घराच्या कोपऱ्यापलीकडे, पहिलीवरून दिसणार नाही अशी टांगतात. पहारेकरी एकीकडे धावला, की दुसरीकडे इतरांचे जेवण उरकते.

पावसाळा सरल्यावर तुमच्या गावाबाहेर दीपमाळ फुललेली दिसली, तर घड्याळ आणि वही घेऊन तासभर तेथे बसा. शिंजीर किती वेळ पितो, किती वेळ बसतो आणि किती वेळ दुसऱ्याच्या मागे धावतो, याची तीन रकान्यांत नोंद करा. मग वरचे आकडे घालून पाहा.