खरखरीत धार की गुळगुळीत धार?

धार जितकी गुळगुळीत तितकी ती तीक्ष्ण, अशी आपणां बहुतेकांची समजूत असते. न्हाव्याचा वस्तरा आरशासारखा चमकतो आणि केस अलगद उतरवतो. तेव्हा स्वयंपाकघरातली पोलादी सुरीही तशीच चकचकीत केली की काम झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हौसेने घासलेली अशी सुरी चार दिवस वापरून मग पिकल्या टोमॅटोवर ठेवून पाहावी. पुष्कळदा ती सालीवरून नुसती घसरते. तिच्या शेजारची, साध्या दगडावर घासलेली सुरी मात्र तितकीच वापरलेली असूनही साल धरते आणि आत शिरते. सुरी घसरली की हात जास्त जोर लावतो, आणि बोट कापते ते बहुधा याच वेळी. तेव्हा हा प्रश्न केवळ हौसेचा नाही.

धार म्हणजे दोन उतार जेथे मिळतात ती कड. उघड्या डोळ्यांना ती सरळ रेघ दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र ती करवतीसारखी दिसते. दगडातील कण पोलादावर ओरखडे काढतात, आणि प्रत्येक ओरखडा कडेपाशी जेथे संपतो तेथे एक खाच पडते. दोन खाचांमध्ये उरतो तो दात. जपानी मापाच्या १००० अंकी दगडातील कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून थोडा मोठा असतो; ६००० अंकी दगडात तो सुमारे पाचशेव्या भागाएवढा होतो. पहिला दगड दात ठेवतो, दुसरा ते पुसून टाकतो. येथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. सुरी दगडावर कडेच्या दिशेने, म्हणजे लांबीने, घासली तर ओरखडे कडेला समांतर पडतात आणि दगड कितीही भरड असला तरी दात धड उठत नाहीत. ओरखडे कडेला आडवे यावे लागतात.

आता हातांच्या चालीकडे वळू. कापण्याचे प्रकार मुळात दोन: दाबून कापणे आणि ओढून कापणे. पावाची लादी नुसती दाबली तर चेपते, सुरी पुढेमागे केली की कापली जाते, हे घरोघरी ठाऊक आहे. इंग्लंडमधील रीडिंग विद्यापीठाचे ॲटकिन्स आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ साली याचे गणित मांडले: दाबण्याच्या मानाने ओढणे जितके अधिक, तितका खाली लागणारा जोर कमी. या ओढण्यातच दातांना काम मिळते. दात साल पकडतो, ताणतो आणि फाडतो. नुसत्या दाबण्यात मात्र दात उपयोगी पडत नाहीत, उलट अडतात. तेथे कड अखंड आणि पातळ हवी.

आपल्या अवतीभवतीची हत्यारे हा भेद फार पूर्वीपासून पाळत आली आहेत. चांभाराची रापी चामड्यात पुढे रेटायची असते, म्हणून तो तिची धार चामड्यावर फिरवून गुळगुळीत करतो. सुताराचा रंधा आणि पटाशी तशीच. उलट भाताचे काड निसरडे, मुठीत धरून विळा आपल्याकडे ओढायचा. तेथे कोकणात दातेरी वैभव विळा शेतकऱ्यांनी आपलासा केला. आपली विळी या दोहोंच्या मध्ये बसते. तिचे पाते बाकदार असल्यामुळे भाजी पुढे रेटली की ती आपोआप पात्यावरून सरकतेही. विळीला फार चमक देणारा माणूस श्रम वाया घालवतो, असे आमचे मत आहे.

साध्या कर्बयुक्त पोलादाचा गुण असा की ते दोन्ही धारा चांगल्या घेते. त्यातील कठीण कण बारीक असतात, म्हणून कड पातळ झाली तरी तुटत नाही, आणि दगडावर ते लवकर उतरते. कित्येक स्टेनलेस पात्यांत क्रोमियमचे मोठे कण असतात. त्यांना साध्या दगडाने चमक देताना दमछाक होते. साध्या पोलादाचा दोष म्हणजे गंज. लिंबू, चिंच, टोमॅटो यांचा आंबट रस पाते काळे करतो, आणि तोच रस कडही खातो. फार पातळ, चकचकीत केलेली धार अशा कामात लवकर मंदावते.

पण खरखरीत धार म्हणजे अर्धवट धार नव्हे, आणि खरी गफलत येथेच होते. भरड दगडावर घासताना कडेला पोलादाचा एक पातळ पापुद्रा उलटतो. अंगठ्याला तो फार तीक्ष्ण लागतो, दोन दिवस कापतोही. मग दुमडतो किंवा गळून पडतो आणि सुरी पुन्हा बोथट. दारावर फिरत्या चाकावर लावलेली धार टिकत नाही ती मुख्यतः यामुळे. कोरड्या चाकावर आणखी एक धोका असतो. कड निळसर झाली की तेथील उष्णता ३०० अंशांच्या आसपास गेली आणि पोलादाचे पाणी उतरले असे समजावे. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय ती धार टिकत नाही, आणि दर खेपेस असे घासले तर सुरीच संपते.

म्हणून घरच्या एकुलत्या एका सुरीसाठी आम्ही मधला मार्ग सुचवू. १००० अंकाच्या आसपासच्या ओल्या दगडावर, दर बाजूस १५ ते २० अंशांचा कोन धरून, दुसऱ्या बाजूस पापुद्रा बोटाला जाणवेपर्यंत घासावे. मग बाजू आलटूनपालटून, हात हलका करत जावे. शेवटी बारीक दगडावर, कोन किंचित वाढवून, दर बाजूस चार-पाच हलके हात द्यावेत. पापुद्रा जातो, दात राहतात. मासे-मटणाच्या सुरीला एवढेही पुष्कळ. कांदा बारीक चिरायचा असेल किंवा काकडीच्या कागदासारख्या चकत्या हव्या असतील, तर बारीक दगडावर पुढे जाऊन शेवटी चामड्यावर फिरवावी. कांद्याच्या पेशी जितक्या कमी चेपतील तितके डोळ्यांना पाणी कमी. दोन सुऱ्या असतील तर एक अशी आणि एक तशी ठेवावी.

धार पाहायची तर अंगठ्यावर पाहू नये. पिकला टोमॅटो फळीवर ठेवावा आणि खाली न दाबता सुरी नुसती आपल्याकडे ओढावी. नंतर पाते धुऊन, कोरडे पुसून, तेलाचा बोळा फिरवून ठेवावे.