‘आमच्याकडे तर नीट चालली’

वीसेक वर्षांपूर्वी मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या कुठल्याही सीडी लायब्ररीत एक वाद हमखास ऐकू यायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, शेवटच्या अर्ध्या तासात पिक्चर अडकला, पडद्यावर चौकोन चौकोन आले, भाडं देणार नाही. दुकानदार डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरायचा, दोन-चार ओरखडे न्याहाळायचा आणि म्हणायचा, ‘कालच एकांनी नेली होती, त्यांच्याकडे तर नीट चालली.’ म्हणजे दोष तुमच्या प्लेअरचा, नाहीतर तुमच्या घरातल्या पोरांचा. पुढे घरपोच सेवा आल्या तेव्हा काउंटर गेला आणि तोच वाद फोनवर सुरू झाला. समोरचा खोटं बोलतोय असं दोन्ही बाजूंना मनापासून वाटायचं. पण डिस्क वाचली कशी जाते हे पाहिलं, तर बहुतेक वेळा दोघंही खरंच बोलत असणार असं मानावं लागतं. काल विनातक्रार चाललेली डिस्क एखाद्या नव्या, केसाएवढ्या ओरखड्याने आज बंद पडू शकते. आणि काल ती किती कडेलोटाला आली होती हे कालच्या माणसाला कळायला काही मार्गच नव्हता. लपवाछपवी चालली होती ती डिस्कची आणि प्लेअरची.

भाड्याने करमणूक देण्याचा धंदा मुंबईला नवा नव्हता. १९६२ साली पुस्तकांची लायब्ररी म्हणून सुरू झालेल्या शेमारूने १९७९ मध्ये व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायला सुरुवात केली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कॅसेटच्या जागी व्हीसीडी आली, तिच्या मागोमाग डीव्हीडी. अमेरिकेत नेटफ्लिक्स १९९८ पासून टपालाच्या पाकिटातून डीव्हीडी पाठवत होतं. आपल्याकडे २००५ च्या सुमारास सेव्हेंटीएमएम आणि २००८ मध्ये बिगफ्लिक्स याच वाटेने आल्या. वेबसाइटवर यादी करायची, डिस्क घरी येणार. फरक इतकाच की इथे पोस्टमनपेक्षा मोटारसायकलवरचा डिलिव्हरी बॉय जास्त भरवशाचा होता. मोझर बेअरने २००७ मध्ये २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली तेव्हा भाडं आणि किंमत जवळजवळ एका पातळीवर आली, तरीही भाड्याची सवय काही वर्षं टिकली. भाड्याच्या डिस्कचं आयुष्य मात्र विकतच्या डिस्कपेक्षा फार वेगळं. कडक डबीऐवजी पातळ प्लॅस्टिकचं पाकीट, अशी पंचवीस-तीस पाकिटं एका थैलीत, थैली डिकीत आणि गाडी एलबीएस मार्गाच्या खड्ड्यांतून. पाकिटात रेतीचा एक कण शिरला की तो प्रत्येक धक्क्यासरशी डिस्कवर रेघ मारतो.

आता ओरखड्याबद्दल. चकचकीत बाजूला दिसणारा ओरखडा माहितीवर पडलेला नसतोच. सीडी ही १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती. खड्ड्यांच्या रूपातली माहिती तिच्या वरच्या अंगाला, लेबलाच्या बाजूला असते. खालून येणारा लेसर झोत ही सगळी जाडी ओलांडून तिथे पोचतो. चकतीत शिरताना झोताचा ठिपका पाऊण मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो आणि माहितीपाशी पोचेपर्यंत तो दोन मायक्रॉनच्याही आत येतो. त्यामुळे पृष्ठभागावरचा बारीक ओरखडा झोताच्या वाटेत आला तरी त्याचा थोडाच भाग अडवतो, जसा चष्म्यावरचा केस आपल्याला वाचताना आडवा येत नाही. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात आणि माहिती मधोमध; तिथे शिरतानाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. गंमत म्हणजे सीडीची नाजूक बाजू वरची. तिथे धातूच्या थरावर काही मायक्रॉन जाडीचा लाखेसारखा लेप असतो, बस. लायब्ररीवाले नेमके त्याच बाजूला बॉलपेनने नंबर घालायचे, स्टिकर चिकटवायचे, आणि गिऱ्हाइकं चकचकीत बाजू जपायची म्हणून डिस्क लेबलावर पालथी ठेवायची. उखडलेल्या स्टिकरबरोबर धातूचा पापुद्रा सुटला, की तिथली माहिती कायमची गेली. खालचा ओरखडा घासून काढता येतो, याला इलाज नाही.

ठिपक्याच्या रुंदीने न भागणारे ओरखडेही अर्थात असतात. त्यांच्यासाठी गणित ठेवलेलं आहे. वाण्याच्या बिलावर चहा सांडून एका वस्तूचा आकडा पुसला गेला, तर खालच्या बेरजेतून बाकीचे आकडे वजा करून तो परत मिळतो. दोन आकडे पुसले गेले तर एका बेरजेने भागत नाही. वेगळ्या पद्धतीने काढलेली आणखी एक बेरीज हवी. अशा जादा बेरजा किती आणि कशा ठेवायच्या याची रीत अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन अमेरिकी गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडली. व्हॉयेजर यानांच्या संदेशांपासून भाजीवाल्याच्या गाडीवरच्या तेलकट, कोपरा फाटलेल्या क्यूआर कोडपर्यंत ती आजही राबते आहे. डिस्कवर तिच्या जोडीला दुसरी एक युक्ती असते. एका गल्लीची सगळी पत्रं एकाच थैलीत भरली आणि ती थैली हरवली, तर ती गल्ली पूर्ण कोरडी राहते. पण प्रत्येक थैलीत प्रत्येक गल्लीची थोडी थोडी पत्रं घातली, तर एक थैली हरवल्याने कुठल्याच गल्लीचं फार बिघडत नाही. डिस्कवर शेजारी शेजारी असणारे बाइट मुद्दाम असेच लांब लांब विखुरलेले असतात, म्हणजे एका ओरखड्याचा फटका अनेक बिलांत वाटला जातो आणि प्रत्येक बिल आपापली बेरीज वापरून सावरतं. या व्यवस्थेमुळे, माहिती जिच्यावर ओळीने लिहिलेली असते त्या मार्गिकेवर सलग सुमारे अडीच मिलिमीटर माहिती नष्ट झाली तरी सीडी ती जशीच्या तशी परत उभी करते. डीव्हीडीत हीच मर्यादा सहा मिलिमीटरच्या घरात आहे.

वादाचं मूळ या मर्यादेत आहे. मर्यादेच्या आत चूक शंभर टक्के दुरुस्त होते, पडद्यावर तिचा मागमूस राहत नाही. मर्यादा ओलांडली की दुरुस्ती जवळजवळ पूर्ण कोसळते. मधली पायरीच नाही. व्हिडिओ कॅसेटचं तसं नव्हतं. ती घासत जायची तशा पडद्यावर मुंग्या वाढायच्या, रंग फिके पडायचे, खाली एक पट्टा थरथरू लागायचा. दहाव्या गिऱ्हाइकालाच कळायचं की ही कॅसेट आता थकली. डिस्क चाळीस घरांत सारखीच स्वच्छ दिसते आणि एक्केचाळिसाव्या घरात अडकते. आधीच्या चाळीस जणांनी आपापला वाटा उचललेला असतो, पण बोलणी खातो शेवटचा. ‘त्यांच्याकडे नीट चालली’ हे विधान म्हणूनच खरं असूनही पुरावा म्हणून फुकट आहे. चालली हे कळलं. किती काठावर चालली ते कळलं नाही.

डोळ्यांनी तपासणी का फसायची याचं उत्तर साध्या भूमितीत आहे. मार्गिका मध्यापासून कडेकडे जाणारी सर्पिल असते, म्हणजे जवळजवळ वर्तुळंच. मध्यापासून कडेकडे सरळ गेलेला, ०.१ मिलिमीटर रुंदीचा ओरखडा प्रत्येक वर्तुळाला आडवा कापतो; दिसायला भयंकर, पण प्रत्येक फेऱ्यात तो फार तर अर्धा-पाऊण मिलिमीटर झाकोळतो. हे डिस्क सहज पचवते. आता तेवढ्याच रुंदीचा, पण मध्याच्या बाजूने निसटून गेलेला सरळ ओरखडा घ्या. शाळेतल्या भूमितीप्रमाणे अशी प्रत्येक रेघ कुठल्या तरी एका वर्तुळाला स्पर्शिका असते. मध्यापासून ४० मिलिमीटरवर हा स्पर्श होत असेल, तर पायथागोरसच्या हिशेबाने तिथली मार्गिका साडेपाच मिलिमीटरहून जास्त अंतर सलग त्या ओरखड्याखाली राहते. सीडीची अडीच मिलिमीटरची मर्यादा दुपटीने ओलांडली गेली. डीव्हीडी अगदी कड्यावर आली. पाकिटातल्या कणाची रेघ सहसा मध्यातून जात नाही, ती अशी बाजूनेच जाते. दुकानदार मात्र ट्यूबलाइटखाली ओरखडे मोजायचा. मोजायची होती त्यांची दिशा. डिस्क गोल गोल न पुसता मध्यापासून कडेकडे पुसावी, या सल्ल्यामागेही हेच कारण आहे.

व्हीसीडीची कथा तर आणखी केविलवाणी. संगणकाची माहिती ठेवणाऱ्या सीडीवर प्रत्येक २,३५२ बाइटच्या कप्प्यात दुरुस्तीसाठी २७६ बाइट जादा राखलेले असतात. मूळ संरक्षणाच्या वर हा दुसरा कोट. १९९३ साली व्हीसीडीचं मानक ठरलं तेव्हा चित्राच्या कप्प्यांतून हा कोट काढून टाकला आणि २,३२४ बाइट चित्रालाच दिले, कारण सिनेमा मावायला जागा हवी होती. एवढं करूनही एका चकतीवर ७४ मिनिटंच बसली, म्हणून आपले तीन तासांचे सिनेमे दोन-तीन चकत्यांवर यायचे. गाण्यात एक बाइट चुकला तर ‘टक्’ असा आवाज येऊन विषय संपतो, मग चित्रात एखादा ठिपका चुकला तर काय बिघडलं? बिघडतं ते असं की चित्र आकुंचित करून साठवलेलं असतं. सेकंदाला २५ चित्रं, पण पूर्ण चित्र बारा-पंधरांतून एखादंच. बाकीची चित्रं ‘मागच्यापेक्षा काय बदललं’ एवढंच सांगतात. पूर्ण चित्रातला एक तुकडा बिघडला की पुढचा अर्धा सेकंद सगळे बदल त्या बिघडलेल्या तुकड्यावर रचले जातात. नायिकेच्या चेहऱ्यावर मागच्या दृश्यातल्या भिंतीचे हिरवे चौकोन चिकटायचे ते यामुळे.

यावर पहिला आक्षेप कुणीही घेईल: मग एकच डिस्क एकाच दिवशी एका घरात चालते आणि दुसऱ्या घरात अडकते, ती कशी? आणि भारी कंपनीचा प्लेअर ज्या डिस्कपुढे हात टेकायचा, ती स्वस्त चिनी प्लेअरवर बिनधास्त चालायची, त्याचं काय? निरीक्षण खरं आहे, आणि त्याने मूळ मुद्दा पक्काच होतो. दुरुस्तीचं गणित सगळ्या प्लेअरांत एकच असतं. वेगळं असतं ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं काम: डगमगणाऱ्या चकतीवर झोत मार्गिकेला किती धरून राहतो, लेन्सवर धूळ किती साचली आहे, आणि दुरुस्ती फसल्यावर यंत्र काय करतं. काही प्लेअर इमानदारीने तोच भाग पुन्हा पुन्हा वाचत बसतात, आपल्याला तो अडकलेला दिसतो. काही बेफिकीरपणे पुढे सरकतात, थोडे चौकोन दाखवतात आणि चालत राहतात. म्हणजे कड्याची जागा प्रत्येक घरात थोडी पुढेमागे असते. आपल्या पावसाळ्यात ती आणखी सरकते, कारण पॉलिकार्बोनेट थोडी ओल शोषतं. सीडीची एकच बाजू धातूने बंद असल्याने ती किंचित वाकू शकते. दोन सारख्या चकत्या पाठीला पाठ लावलेली डीव्हीडी या बाबतीत जास्त सरळ राहते.

दुसरा आक्षेप टूथपेस्टचा. पेस्ट लावून डिस्क चालू झाल्याचं कित्येक जण छातीठोकपणे सांगतात, मग दोष ओरखड्याचाच नव्हे का? ओरखडा कारण आहे, हे नाकारलेलंच नाही. त्याच्या धारदार कडा झोत भलतीकडे वळवतात. टूथपेस्टमधली बारीक पूड त्या कडा घासून गुळगुळीत करते, आणि मर्यादेच्या किंचित पलीकडे गेलेली डिस्क पुन्हा अलीकडे येते. चमत्कार वाटतो, कारण कड्यावर एक पाऊल मागे येणंही पुरतं. तीच पेस्ट गोल गोल घासली तर मार्गिकेला समांतर नव्या रेघा पडतात आणि होतं नव्हतं ते जातं. पॉलिशचं यंत्र हेच काम नीट करतं. ब्लू-रेवर मात्र ते चालणार नाही, कारण तिथे माहितीवर जेमतेम ०.१ मिलिमीटरचं आवरण असतं. म्हणून तिला मुळातच कडक लेप देतात.

मग लायब्ररीवाल्यांनी डिस्क नीट तपासायला काय हरकत होती? तपासता येत होतं. आकडा आतल्या आत मोजलेला असतोच: नव्या डीव्हीडीत लागोपाठच्या आठ गठ्ठ्यांत चुकीच्या ओळी २८० च्या आत असाव्यात असं मानकच सांगतं, आणि संगणकाचे काही ड्राइव्ह हा आकडा दाखवायचे. पण नेहमीच्या वेगाने ४.७ गिगाबाइटची एक डिस्क पूर्ण वाचायला जवळपास तास लागतो, आठपट वेगानेही आठ-दहा मिनिटं. रोज परत येणाऱ्या दोनशे डिस्क अशा तपासायच्या, तर भाड्यापेक्षा तपासणी महाग. ट्यूबलाइट स्वस्त होती. यात दुकानदाराचा आळस शोधण्यात अर्थ नाही.

एक स्वस्त उपाय तरीही हाताशी होता: पिक्चर कितव्या मिनिटाला अडकला हे गिऱ्हाइकाला विचारायचं. डिस्क आतून बाहेर वाचली जाते, आणि बाहेरच्या फेऱ्यात माहिती जास्त मावते. एकथरी, भरलेल्या डीव्हीडीवर माहिती मध्यापासून २४ मिलिमीटरवर सुरू होऊन ५८ वर संपते, पण अर्धा सिनेमा संपतो तो ४४ मिलिमीटरवर. उरलेला अर्धा कडेच्या १४ मिलिमीटरच्या पट्ट्यात, जिथे बोटं लागतात आणि पाकिटाची तोंडं घासतात. क्लायमॅक्सच नेमका का अडकतो, हा उपनगरी प्रेक्षकांचा जुना सवाल तिथे सुटतो. दुथरी डीव्हीडी बहुधा पहिला थर आतून बाहेर आणि दुसरा बाहेरून आत वाचते, म्हणून तिच्या कडेला असतो सिनेमाचा मध्य. ती अडकायची इंटरव्हलच्या आसपास. तिसरं गिऱ्हाईक ‘एक तास बावन्न मिनिटांनी’ म्हणालं आणि आधीच्या दोघांनीही तेच सांगितलेलं असलं, तर प्लेअरवर वाद घालायचं कारण उरत नव्हतं. डिस्कवर नेमकं कुठे पॉलिश लावायचं ते पट्टीने मोजता आलं असतं.