पंप थांबला पाहिजे : फवारणी ड्रोनच्या रिलेची तपासणी

निपाणीच्या शिवारात ऊस आणि तंबाखू पुष्कळदा एकाच बांधाला लागून असतात. उसातल्या रुंद पानांच्या तणावर मारायचं टू-फोर-डी तंबाखूवर उडालं, तर पानं वळतात, आकसतात. म्हणून पंप सुरू न होण्यापेक्षा तो न थांबणं मला जास्त घातक वाटतं. हौसेने किंवा कॉलेजच्या प्रकल्पात जुळवलेल्या ड्रोनमध्ये पिक्सहॉकसारखा फ्लाइट कंट्रोलर, त्यात आर्डुपायलट आणि पंपासाठी ५ व्होल्टचा निळा रिले असेल, तर हे दोन्ही दोष शोधता येतात.

आधी पंखे काढा

तपासणी घरात असो की शेतात, पंखे उतरवूनच करायची. टाकीत फक्त स्वच्छ पाणी.

टक्‌ आवाज येतो का?

रिमोटचं बटण बाजूला ठेवा. लॅपटॉपवर मिशन प्लॅनर जोडून ‘सर्व्हो/रिले’ या भागातून रिले चालू-बंद करा. तिथून रिले नीट चालत असेल, तर वायरी ठीक आहेत; दोष रिमोटच्या चॅनेलमध्ये आहे. त्या चॅनेलच्या ऑप्शनला २८ हा आकडा दिला आहे का, ते पाहा. पहिल्या रिलेसाठी तोच लागतो.

तिथूनही आवाज आला नाही, तर मल्टीमीटर घ्या.

पाच व्होल्ट आहेत कुठे?

माझ्या मते सगळ्यात आधी संशय इथेच घ्यावा. पिक्सहॉकच्या मागच्या पिनांवर सिग्नल, पॉझिटिव्ह आणि ग्राउंड अशा तीन ओळी असतात. मधल्या ओळीला फ्लाइट कंट्रोलर स्वतः वीज देत नाही. तिथे ५ व्होल्टचा बीईसी, म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज उतरवून देणारा भाग, वेगळा जोडावा लागतो. तो नसेल तर सगळं सेटिंग बरोबर असूनही रिले मेलेलाच राहतो. बीईसी, रिले आणि कंट्रोलर यांचं ग्राउंड एकच हवं. नाहीतर सिग्नलला अर्थच उरत नाही.

काही जण सिग्नलची पिन सरळ कॉइलला जोडतात. तसं करू नका. अशा रिलेची कॉइल सुमारे ७० मिलीॲम्पिअर ओढते आणि पिन ३.३ व्होल्टची, तीही नाजूक. मध्ये ट्रान्झिस्टर असलेलं मॉड्यूलच वापरायचं.

पिनचं सेटिंग

वीज पोहोचते, पण चालू-बंद करताना सिग्नल पिनवर ० आणि ३.३ व्होल्ट असा बदल दिसत नाही, तर दोष सेटिंगचा. ऑक्स-५ ला जोडलं असेल तर रिलेची पिन ५४, आणि सर्व्हो-१३ चं फंक्शन उणे १. हे उणे १ द्यायचं राहिलं की ती पिन मोटारीच्या कामातून मोकळीच होत नाही. आर्डुपायलट ४.५ पासून रिलेच्या फंक्शनलाही १ द्यावा लागतो. बदल केल्यावर कंट्रोलर बंद करून पुन्हा सुरू करा.

बॅटरी लावताच पंप सुरू

बाजारातली बरीच मॉड्यूल उलट्या चालीची असतात : सिग्नल शून्यावर आला की रिले ओढला जातो. कंट्रोलर जागा होईपर्यंत पिनवर नेमकं काय असेल याचा भरवसा नसतो, म्हणून तेवढ्यात औषध उडू शकतं. काही मॉड्यूलवर चाल बदलायचा जंपर असतो. तो नसेल तर सिग्नल ‘हाय’ झाल्यावर चालणारं मॉड्यूल घ्या आणि सिग्नल व ग्राउंडमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. पंपाची वायर ‘एनओ’ला जोडायची, ‘एनसी’ला जोडली तर रिले ढिला असतानाच पंप चालतो.

बंद करूनही पंप चालूच

टक्‌ आवाज होतो, मॉड्यूलवरचा दिवा विझतो, तरी पंप चालतो. म्हणजे आतले संपर्क वितळून चिकटले. रिलेवर छापलेलं १० ॲम्पिअर, ३० व्होल्ट डीसी वाचा. बारा सेलची लिपो बॅटरी पूर्ण भरल्यावर ५०.४ व्होल्ट देते. पंप त्याच व्होल्टेजवर असेल तर संपर्क तुटताना ठिणगी लांबत राहते. पंपाच्या टोकांवर उलटा डायोड लावल्याने ठिणगी कमी होते, पण चिकटलेला रिले टाकूनच द्यावा. उडताना हादरेही बसतात, म्हणून पंपासाठी मी यांत्रिक रिलेऐवजी योग्य क्षमतेचा मॉसफेट स्विच निवडेन. पिनचं सेटिंग तेच राहतं.

दुरुस्तीनंतर पंखे काढलेल्या अवस्थेतच पंप चालू ठेवून रिमोट बंद करा. पंप चालूच राहिला, तर फेलसेफचं सेटिंग पूर्ण होईपर्यंत टाकीत औषध भरू नका.